तीन बुड्यांचं काळं

"कोण गेलं?"

थेक्लाने विचारलं, पण मान वर केली नाही. तिचे डोळे माझ्या काट्यावर होते. सुमाकच्या वाळल्या पानांचं पोतं आकड्याला लटकत होतं, मी दांडीला एक बोट लावून उभा होतो, आणि ते बोट दांडी सावरतंय की दाबतंय याची तिला खात्री करून घ्यायची होती.

"बोट काढ, झेनियो."

"अगं, वारा आहे."

"वारा बरा माझ्याच पोत्याला लागतो! मघाशी पाद्रीबुवांचं पोतं कसं देवळातल्या खांबासारखं उभं होतं."

मी बोट काढलं. दांडी होती तिथेच राहिली.

"बघ," मी म्हटलं.

"बघितलं. आता दुसऱ्या हाताचंही काढ."

खळ्यावरच्या बायका हसल्या आणि हसता हसता शिंकायला लागल्या. सुमाक झोडपायच्या दिवसांत आमच्या गावात कुणाला धड हसता येत नाही. पानांचा भुगा उडतो, नाकात जातो, डोळ्यांत जातो. या दिवसांत कुणाच्या डोळ्याला पाणी आलं तरी कुणी कारण विचारत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

सायप्रसच्या आमच्या डोंगरात द्राक्षं होतात ती देवाच्या कृपेने, आणि सुमाक होतो तो कुणाचीच कृपा नसताना. दगडांच्या फटीत, बांधाच्या कडेला, जिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करून पाय टाकते तिथे. उन्हाळ्यात त्याच्या फांद्या कापायच्या, खळ्यावर वाळवायच्या, झोडपून पान वेगळं करायचं. ते पान लिमासोलला जातं आणि तिथून जहाजाने परदेशी. तिकडे त्यात कातडं कमावतात. गोऱ्या साहेबाने रुबाबात पाय आपटला की त्या बुटात थोडा आमचा डोंगर असतो. व्यापाऱ्यासाठी हे पान गावात विकत घेणारा माणूस मी. त्यामुळे गाव माझ्याकडे जरा संशयाने बघतं, आणि मी गावाकडे.

पान गेलं की लाल तुरे उरतात. ते वाळवून कुटले की आंबट भुकटी होते. ती कांद्यावर टाकायची, मसुरावर टाकायची, तळलेल्या अंड्यावर टाकायची. तोंड आलं तर तिच्याच पाण्याने गुळण्या करायच्या. आणि जो चुरा माझा काटासुद्धा घेत नाही, तो थेक्लाच्या अंगणात जातो, तांब्याच्या मोठ्या हंड्यात. आमच्या गावाचं काळं तिथे निघतं.

कुणी वारलं की बायका आपले कपडे गाठोड्यात बांधून थेक्लाकडे आणतात. सुमाकचं पान उकळलं की पिवळा रंग देतं, वाळल्या गवतासारखा. त्या पाण्यात लोखंडाचं पाणी पडलं की तेच पिवळं बघता बघता काळं होतं. हे लोखंडाचं पाणी ती एका मडक्यात करून ठेवते: द्राक्षांचा आंबट शिर्का आणि त्यात खेचरांचे झिजलेले गंजके नाल.

गाठोडं समोर आलं की ती पहिल्यांदा विचारते, कोण गेलं. उत्सुकता म्हणून नाही. किती बुड्या द्यायच्या ते त्यावर ठरतं. चुलत चुलत्याला एक बुडी, म्हणजे राखेचा रंग. भाऊ-बहिणीला दोन. नवरा, आईबाप आणि पोटचं मूल यांना तीन. ते काळं असं, की ओली स्लेट त्यापुढे फिकी वाटावी. आमच्या गावात झग्याच्या रंगावरून नातं कळतं आणि कधी कधी नात्यापलीकडचंही. लोहाराच्या बायकोने सावत्र काकासाठी दोन बुड्या मागितल्या, त्या दिवशीच काकाचा द्राक्षमळा कुणाला मिळाला ते गावाला समजलं. आणि म्हातारी मार्गारू नवरा गेल्यावर एकच बुडी मागत होती. थेक्ला म्हणाली, "अगं, नवऱ्याला तीन असतात." मार्गारू म्हणाली, "संसार मी केलाय. त्याला किती पुरेत ते मला ठाऊक आहे."

तर त्या दिवशी खळ्यावर कुणीतरी गाठोडं घेऊन उभं राहिलं, आणि सवयीने थेक्लाने विचारलं, कोण गेलं. उत्तर येईना, म्हणून तिने मान वर केली.

समोर तिची सासू होती.

म्हातारी कत्तेलू भर उन्हात डोंगराचा उतार उतरून आली होती. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. तिने गाठोडं सुनेच्या पायाशी ठेवलं. आत तिचा तपकिरी झगा होता आणि डोक्याचा रुमाल.

"हे काळं करून दे."

"कोण गेलं, आई?"

"तुला ठाऊक आहे."

"मला तर कुणी गेलेलं ठाऊक नाही."

खळ्यावर झोडपणाऱ्या काठ्या एकेक करून थांबल्या.

"थेक्ला," म्हातारी म्हणाली, "तो रात्री येतो. उंबऱ्याशी उभा राहतो. आत ये म्हटलं तर येत नाही. भुकेला आहे गं तो. गेलेल्या माणसासाठी गहू उकडावे लागतात, ते कुणी उकडले नाहीत. माझी छाती ही अशी. मी गेले तर त्याच्यासाठी कोण उकडणार? तू?"

"जिवंत माणसासाठी गहू उकडत नाहीत."

"मग मी बाजारातून काळं कापड आणू?"

"आण की. झेनियो उद्या लिमासोलला चाललाय, त्याला सांग."

मी खाली वाकून पोत्याची गाठ बघू लागलो. गाठ उत्तम होती.

"बाजारातलं मला नको," कत्तेलू म्हणाली. "तुझ्या हातचं हवंय."

थेक्लाने गाठोडं उचललं, झटकलं, सासूच्या हातात परत दिलं. "आई, आजवर मी कुणाला नाही म्हटलं नाही. तुला म्हणतेय." मग माझ्याकडे वळून, "काय रे, काटा बघतोयस की तमाशा?"

हांबीस हा कत्तेलूचा एकुलता एक मुलगा आणि थेक्लाचा नवरा. जर्मनांशी लढाई सुरू झाली तेव्हा आमच्यावर राज्य करणाऱ्या इंग्रजांना खेचरं हाकायला माणसं हवी होती, आणि खेचरांच्या बाबतीत हांबीसचा हात धरणारा आमच्या खोऱ्यात कुणी नव्हता. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तो गेला, त्याच्याबरोबर गावातले आणखी काही गेले, आणि ग्रीसमध्ये पळापळ झाली तेव्हा सगळे तिथे अडकले. बाकीचे जर्मनांच्या कैदेत राहून लढाई संपल्यावर परत आले. हांबीस आला नाही. त्याच्या बरोबरच्या यानकोने सांगितलं: किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या, ज्याला चढता येईल तो चढत होता, आणि हा म्हणाला, खेचराला पाणी पाजून आलोच. तो ज्या बाजूला गेला त्या बाजूने मग नुसता धूर येत होता.

सरकारकडून एकच शब्द आला, बेपत्ता. गावाने त्या शब्दाचा जो अर्थ लावायचा तो लावला. थेक्लाने वेगळा लावला. "बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. माणूस नाही असं कुठे म्हटलंय? पत्ता काय, माझाही लिमासोलच्या बाजारात हरवतो."

तेव्हापासून ती अख्ख्या गावाला काळं देते आणि स्वतः पिवळ्या झग्यात फिरते. त्याच पानाचा, त्याच हंड्यातला, फक्त लोखंड न टाकलेला. दर उन्हाळ्यात तो विटतो आणि दर उन्हाळ्यात ती तो पुन्हा काढते. दोघांनी मधल्या काळात तिला मागणी घालून पाहिली. एकाला तिने नकार दिला. दुसऱ्याला म्हणाली, "नवऱ्याला विचारून सांगते."

त्या संध्याकाळी घरी एव्हांथियाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला जेवायच्या आधीच पकडलं.

"तू होतास ना तिथे? काही बोलला नाहीस?"

"मी काय बोलणार? मी पान घेतो, माणसं घेत नाही."

"म्हातारीचं बरोबर आहे."

"बरं."

"पण थेक्लाचंही बरोबर आहे."

"मग भांडण कशाचं?"

"हेच तर भांडण आहे, मूर्खा," ती म्हणाली आणि मसुराची थाळी माझ्यापुढे आदळली. वर सुमाक टाकायला विसरली होती. मी मागितला नाही.

गावात असेच दोन तट पडले. ज्यांनी थेक्लाकडून काळं करून घेतलं होतं त्या सगळ्या म्हातारीच्या बाजूला होत्या. आम्ही सोसलं, तर हिने का नाही, असा एक सूर त्यात होता. तरण्या पोरी थेक्लाच्या बाजूला होत्या, कारण त्यांना ती वाट बघणं नाटकातल्यासारखं वाटे. सासू-सून एका अंगणाच्या दोन टोकांना राहायच्या. त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. थेक्ला सकाळी सासूच्या दाराशी पाणी ठेवायची, म्हातारी ते घ्यायची, आणि रिकामं मडकं पुन्हा सुनेच्या दाराशी जायचं. बोलणं तेवढंच.

हांबीसचा बाप, म्हातारा पिएरी, या सगळ्यातून सुटला होता, कारण तो ठार बहिरा. दिवसभर कॉफीच्या दुकानात माझ्या शेजारी बसायचा आणि कुणी हसलं की हसायचा.

द्राक्षं तोडून झाली तेव्हाचा एक रविवार. प्रार्थनेआधी सगळं गाव देवळाच्या अंगणात अक्रोडाखाली जमलं होतं. पिएरी दगडी बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तेवढ्यात फाटकातून कत्तेलू आली.

तिने झगा स्वतःच रंगवला होता. घरच्या छोट्या पातेल्यात, गंजके खिळे टाकून. समोरून तो काळपट दिसत होता. बाजूने हिरवट. काठाकडे तपकिरी जसाच्या तसा राहिला होता, आणि पाठीवर जिथे घडी पडली होती तिथे पांढुरके पट्टे. आमच्याकडे अशा रंगाच्या शेळ्या असतात. डोक्यावरचा रुमाल मात्र चांगला काळा झाला होता. तो पातेल्यात मावला असणार.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पिएरीने विचारलं:

"कत्तेलू! कोण मेलं गं?"

ती सरळ पुढे आली.

"अगं कोण मेलं? नवरा मेल्यासारखी काळी होऊन आलीयस! मी तर हा इथे बसलोय!" त्याने आजूबाजूला बघितलं. "का मेलो मी? मग मला सांगायचं तरी कुणी!"

झालं. अंगण फुटलं. तरणे हसले, म्हातारे हसले, पाद्रीबुवा लोइझोंची दाढी हलली. लोक हसताहेत म्हणून पिएरीही हसू लागला. मीही हसलो, लपवून काय करणार.

कत्तेलू त्याच्यापाशी गेली. वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं. आधी हळू बोलली.

"काय?" पिएरी म्हणाला.

ती थोडं मोठ्याने बोलली.

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोल!"

तेव्हा म्हातारी सरळ उभी राहिली, होती नव्हती तेवढी सगळी छाती भरून घेतली, आणि ओरडली, "हांबीस! आपला हांबीस मेला!"

अक्रोडावरच्या चिमण्या उडाल्या. हसणं कुठल्या कुठे गेलं. पिएरीचा चेहरा अजून हसतच होता, त्याला आवरायला जरा वेळ लागला.

"कधी?" त्याने विचारलं. "कुणी कळवलं?"

"कुणी नाही."

"मग तुला कसं कळलं?"

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, ते हलत नाहीत म्हटल्यावर काठीकडे बघितलं. मग बाकावर थोडा सरकला आणि तिच्यासाठी जागा केली.

थेक्ला फाटकात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. न ऐकून करते काय, ते लिमासोलपर्यंत ऐकू गेलं असेल. ती अंगण ओलांडून सरळ आली. मला वाटलं आता वाजणार. तिने सासूच्या झग्याचा काठ दोन बोटांत धरला, उन्हाकडे केला, चोळून बघितला.

"लोखंडाचं पाणी आधी टाकलंस?"

"हो."

"आधी कापडाला पान पिऊ द्यायचं असतं. रात्रभर. मग लोखंड."

"मला कोण सांगणार? तू बोलत नाहीस."

थेक्लाने काठ सोडला. हिरवट डागावरून एकदा तळवा फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. "हे अंगावर घालून फिरू नकोस, आई. लोक म्हणतील थेक्लाचं काम आहे. उद्या आण."

दुसऱ्या दिवशी झगा गेला तो हंड्यात रात्रभर राहिला, आणि तिसऱ्या दिवशी मी थेक्लाच्या अंगणात पोती न्यायला गेलो. पोती मी आधीच्या आठवड्यातच नेली होती, हे खरं आहे. पण एखादं राहिलं असेल तर बघावं म्हणून गेलो. एव्हांथिया आधीच तिथे होती, तीही चाळण परत द्यायला. चाळण कुणाची होती ते दोघींनाही सांगता आलं नाही.

कत्तेलू उलट्या टोपलीवर बसली होती. हंड्याखाली जाळ होता. थेक्लाने काठीने झगा वर उचलून बघितला. डाग पुष्कळसे बुजून तो जवळजवळ एकसारखा पिवळसर-तपकिरी झाला होता. तिने मडकं उचललं, हंड्यावर तिरकं केलं, आणि ओतायच्या आधी थांबली.

"कोण गेलं?"

म्हातारी भडकली. "परवा गावासमोर ओरडले ते पुरलं नाही तुला?"

"मला विचारावं लागतं. किती बुड्या ते ठरवायला."

कत्तेलूने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. मग हळू आवाजात, हिशेब सांगावा तसं म्हणाली, "माझा मुलगा."

"मुलाला तीन," थेक्ला म्हणाली आणि ओतलं.

पाणी आधी ढगाळलं, मग कडेपासून काळं होत मध्यापर्यंत गेलं. एरवी ती काठीने ढवळते. त्या दिवशी तिने काठी बाजूला ठेवली, हंडा उतरवला, बाह्या वर सारल्या आणि पाणी हाताला सोसेल इतकं झाल्यावर कोपरापर्यंत हात आत घातले. जुने डाग होते ते काठीला कळणार नव्हते, एकेक हुडकून चोळावे लागणार होते.

"आणि तुझा?" म्हातारीने विचारलं.

"माझा कोण?"

"तुझा नवरा."

"तो यायचाय."

"अगं, एकच माणूस आहे तो."

"तुला मुलगा म्हणून मिळाला, मला नवरा म्हणून मिळाला. तुझ्या मुलाचं तू ठरवलंस, मी तुझं कापड काळं करतेय. माझ्या नवऱ्याचं मला ठरवू दे."

तिने झगा पिळून दोरीवर टाकला. पहिल्या बुडीनंतर कापडाला वारा लागावा लागतो, वाऱ्यात काळं चढतं. तोवर सगळ्यांना थांबावं लागलं. एव्हांथियाने मला कोपराने ढोसलं, म्हणजे निघ. मी निघालो नाही.

"हा पिवळा दर वर्षी का काढतेस?" कत्तेलूने मध्येच विचारलं. "विटका घातलास तरी कोण बघणार आहे?"

"तो म्हणाला होता."

"कोण?"

"जाताना म्हणाला, या डोंगरात बघावं तिकडे काळ्याच बाया. तू पिवळी राहा. खालच्या रस्त्यावरून दिसलीस की मला कळेल कुठे चढायचं."

म्हातारीने दोरीवरच्या झग्याकडे बघितलं. त्यातून थेंब पडत होते.

"असं म्हणाला?"

"हो."

"मला काहीच म्हणाला नाही. नुसता माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, आई, शेळी आजारी आहे, बघ."

"तुला काही म्हणाला असता तर तू रडली असतीस. भ्यायचा तो तुझ्या रडण्याला."

"माझ्या?" कत्तेलूला हे नवीन होतं. तिने टोपली हंड्याजवळ ओढली. "अजून काय म्हणाला?"

थेक्लाने झगा दोरीवरून काढला, दुसऱ्या बुडीसाठी पाण्यात घातला आणि सांगायला लागली. पुढचं मला सांगता येणार नाही. एव्हांथियाने माझी बाही धरून मला फाटकाबाहेर काढलं होतं. तिसरी बुडी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं, असं तिने नंतर सांगितलं, आणि दोघी हंड्याशी अजून बोलतच होत्या.

गहू उकडायचे ठरले ते पुढच्या रविवारी. शनिवारी संध्याकाळी पाद्रीबुवा कॉफीच्या दुकानात माझ्याशेजारी येऊन बसले. चेहरा असा, की गाढव हरवलंय.

आमच्या देवळात नावं वाचतात, ते सांगायला हवं. बायका पाव आणतात आणि दाराशी पाद्रीबुवांच्या कानात नावं सांगतात: आधी जिवंत माणसांची, त्यांना बरं राहू दे म्हणून, मग गेलेल्यांची, त्यांना शांती मिळू दे म्हणून. लोइझोबुवा ती तोंडपाठ करतात आणि त्याच क्रमाने म्हणतात.

"झेनियो," ते म्हणाले, "थेक्ला लढाईपासून दर रविवारी हांबीसचं नाव जिवंतांत देते."

"देते."

"उद्या कत्तेलू गेलेल्यांत देणार."

"देणार."

"मी त्याला दोन्हीकडे कसा वाचू? तू आयुष्यभर वजनं केलीस. एक पोतं दोन पारड्यांत बसतं का?"

"नाही बसत."

"मग एकीला नाही म्हणू? कुणाला?"

"बुवा," मी म्हटलं, "तुम्ही थेक्लाला नाही म्हणालात तर पुढच्या वेळी तुमचा झगा ती कुठल्या रंगाचा करेल सांगता येत नाही. आणि कत्तेलूला नाही म्हणालात तर ती पिएरीच्या कानात ओरडून सांगेल. दोन्ही वाचा. वरच्या देवाला ठाऊकच असेल हांबीस कुठे आहे, तो बरोबर तेवढंच घेईल आणि दुसरं सोडून देईल."

"हे धर्मात बसत नाही," ते म्हणाले. माझी कॉफी पिऊन ते उठले. दारापाशी जाऊन परत आले. "पण धर्माबाहेरही नाही," म्हणाले, आणि गेले.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. कत्तेलू पुढे उभी होती. झग्यावर डाग शोधून सापडला नसता. मेणबत्तीचा उजेड त्यावर पडला की आतच जात होता. तिच्या हाताला धरून थेक्ला, पिवळ्या झग्यात. गव्हाची परात मधे होती, वर साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे.

लोइझोबुवांनी जिवंतांची नावं म्हटली. लोहाराचं घर, माझं घर, यानकोचं घर. "हांबीस," ते म्हणाले. थेक्लाने छातीवर क्रूस केला. कत्तेलूनेही केला.

मग गेलेल्यांची नावं. ती आमच्याकडे नेहमीच जास्त असतात. मार्गारूचा नवरा, लोहाराच्या बायकोचा काका. एका ठिकाणी बुवा थांबले. घसा साफ केला. "हांबीस."

कत्तेलूने क्रूस केला. थेक्लाने जरा थांबून, पण केला.

गहू वाटताना सगळे म्हणतात, देव त्याला क्षमा करो. पाद्रीबाई, म्हणजे बुवांची बायको, परात घेऊन रांगेने आल्या. थेक्लाने दोन्ही हात पुढे केले. ते कोपरापर्यंत काळे होते. आठवडा होत आला होता, राखेने घासले असतील, वाळूने घासले असतील, काही उतरलेलं दिसत नव्हतं. नखं, रेषा, सगळं काळं. पाद्रीबाईंनी त्या ओंजळीत गहू घातले आणि सवयीने थांबल्या, तिने म्हणावं म्हणून.

थेक्ला सासूकडे वळली. "तुझ्या मुलाला देव क्षमा करो, आई," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळे गहू खाल्ले, एकही दाणा न सांडता.

देवळातून खाली येताना एक वळण आहे. तिथे बांध तुटलेला आहे, आणि तिथून खालच्या रस्त्याचा मोठा तुकडा दिसतो, नाल्यापासून पार खिंडीपर्यंत. थेक्ला येता-जाता तिथे उभी राहते, सगळ्या गावाला माहीत आहे. कत्तेलू तिथे कधी थांबत नसे. "चल गं, रस्ता काय पळून जातोय," असं म्हणून ती पुढे चालू लागायची.

मी आणि एव्हांथिया मागून येत होतो. त्या दोघी वळणावर पोचल्या आणि थेक्ला थांबली. खाली एक गाडी धूळ उडवत चढत होती, तिच्या मागे कुणी पायी येत होतं की झुडूप होतं, इतक्या लांबून कळत नव्हतं. म्हातारीही थांबली. डोळ्यांवर हात धरून तिनेही बघितलं. मग तिने स्वतःच्या काळ्या झग्याकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरून भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली, म्हणजे खालून बघणाऱ्याला वळणावर एकटं पिवळंच दिसावं.